चढलेल्या आकड्याचे दिवस

पोळ्याच्या आधी बुलढाण्याला जाऊन मी वाढलेल्या प्रोस्टेटचं लेझरने ऑपरेशन करून घेतलं, ते ढोबळी मिरचीपायी. आमच्या शेडनेटात बियाण्याची मिरची असते. संध्याकाळी न उमललेल्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, सकाळी तिला दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. एक ओळ संपायच्या आत तीनदा लघवीला पळणारा माणूस त्या कामात काय कामाचा? कामाला आलेल्या बायांसमोर लाज वाटायची ती वेगळीच.

ऑपरेशन झालं, त्रास गेला. मग गणपतीत मंडळाने मोफत रक्ततपासणीचं शिबिर ठेवलं. फुकट म्हटलं की आमच्याकडे धडधाकट माणूसही बाही वर करतो. मीही केली. त्यात पीएसए होता, म्हटलं तोही होऊन जाऊ द्या. प्रोस्टेटचा हा आकडा ऑपरेशनच्या आधी होता त्याहून चढलेला आला.

रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर आला, तिथून नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला, आणि चहा उकळायच्या आत मी सगळ्या पाहुण्यांत कॅन्सरचा पेशंट झालो.

"बाबा, यंदाचं शेडनेट काकाले देऊन टाकतो," मुलगा म्हणाला. "तुम्ही आराम करा."

"काऊन? मी मेलो काय?"

खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. पण भीती वाटली म्हणून उभं पीक दुसऱ्याच्या हवाली करायचं, हे कोणत्या शहाण्याने सांगितलं?

मी बुलढाण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते चिडलेच. "इतक्या लवकर तपासायला कोणी सांगितलं? आतली जखम अजून भरतेय, सुजेने आकडा चढू शकतो. काढलेल्या मांसाची तपासणी झालीय, त्यात कॅन्सर नाही. तीन महिने झाले की पुन्हा करा. तेव्हा उतरलेला दिसला पाहिजे. नाही उतरला तर पुढचं बघू."

मी हे घरात सांगितलं. कोणालाच पटलं नाही. "डॉक्टर धीर द्याले तसंच म्हणतात," बायको म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मी नेटाला कुलूप घातलं आणि किल्ली कोणाला दिली नाही.

पितृपक्षात लोक गेलेल्यांना जेवू घालतात. मला बघायला मात्र जिवंतपणीच रांग लागली. बिस्किटाचे पुडे घेऊन येत, खाटेजवळ बसत, हळू आवाजात बोलत. दुसरबीडहून मुलीचे सासरे, म्हणजे आमचे इवाई, आले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"इवाई, लय कष्ट केले हो तुम्ही जिंदगीत."

"अजून करूनच राह्यलो," मी म्हणालो. "मले पाहाले आले ना? चला मंग, कळ्याही पाहा."

त्यांना नेटात नेऊन हाती चिमटा दिला. त्यांनी पुंकेसरासोबत मधला स्त्रीकेसरही उपटला. कळीच गेली. मी असा ओरडलो की पलीकडच्या ओळीतल्या बाया उठून बघू लागल्या. पण इवाईंचा चेहरा एकदम खुलला. एवढ्या जोरात ओरडणारा माणूस इतक्यात जात नाही, हे त्यांना पटलं असावं. त्या दिवसापासून मी नियमच केला, मला बघायला येईल त्याने आधी कळ्या सोलायच्या. रांग लवकरच आटली. बिस्किटं आम्ही चहाबरोबर पुरवून खाल्ली.

दिवाळीनंतर मुलाला घेऊन पुन्हा बुलढाण्याला गेलो. आकडा चांगलाच उतरला होता. "हा तुमचा नवा आकडा," डॉक्टर म्हणाले. "यापुढे तुलना याच्याशीच. चढायला लागला की सरळ माझ्याकडे यायचं." मी येतो म्हणालो. ते मला मान्यच आहे.

स्टँडवर गाडीची वाट बघताना मुलाचे डोळे भरून आले. "बाबा, आकडा उतरला. आता नेट तुमच्याच हाती राहू द्या."

पोरगा जिवापाड प्रेम करतो, हे मला कळत होतं. तरी माझं डोकं फिरलं.

"चढला असता तरी माझ्याच हाती राह्यलं असतं बे," मी म्हणालो. "उद्या चढला तरी राहील. आधी मले विचारत जाय, मंग रिपोर्टाले."