घरी लावलेला दिवा

आईने धाकट्या भावाची काख चाचपली आणि तिच्या हाताला गाठ लागली. माझी विधवा थोरली काकू तसल्याच गाठीने शेजारच्या झाडाखाली कण्हत पडली होती.

नगरात प्लेग आला, घरात उंदीर मरून पडू लागले, तेव्हा वडिलांनी घराला कुलूप लावून आम्हाला वेशीबाहेर चिंचेच्या बनात आणले होते. झोपडीत गैरसोय फार, पण ऊन-वारा मोकळा होता. गावात माणसे मरत होती, बनात कोणी आजारी नव्हते. काकू मात्र रोज संध्याकाळी घरी जाऊन देवापुढे दिवा लावायची.

वडील म्हणाले, “वहिनी, देव इकडेच आणू.”

“देव जागचे हलवत नाहीत, भावजी. तुम्ही पळालात, तेवढं पुरे.”

“देव अंधाराला भीत नाही. तुम्ही तरी उंदरांना भ्या.”

काकूने ऐकले नाही. तिच्या लुगड्यातून पिसवा आल्या असणार. भाऊ तिच्याच कुशीत झोपायचा.

दोघांना आईच पाणी पाजत राहिली. आधी काकू गेली, मग भाऊ. आई, वडील आणि मी वाचलो.