खालाच्या घराजवळचं पार्क

आमच्याकडे बाई घराबाहेर पडली की लोक 'कुठं' असं आधी विचारत नाहीत. आधी विचारतात, 'कशानिमित्त?' लग्न, बारसं, दवाखाना, देव, परीक्षा, यातलं एक काही सांगता आलं की पुढचं कुणी विचारत नाही. माझी आई पुण्याला बऱ्याचदा गेली, पण दरवेळी कुणीतरी आजारी होतं म्हणून. पुणं म्हटलं की तिला आजही फिनेलचा वास आठवतो.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी अभिमानानंच सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वडील कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतात. सणसरहून रोज वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मी बारामतीला बी.कॉम. केलं, आणि आता तिथल्याच एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्सला आहे. कॉलेजच्या पहिल्या दिवशी जी माझ्या शेजारी येऊन बसली, ती आजही शेजारीच आहे असं मी धरून चालते. तिच्या अब्बांचं बारामतीत कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, पिना, रिबिनी, टिकल्या, नेलपॉलिश. घर जळोचीला. दुकानामुळं मी तिला शेठाणी म्हणते. ती मला मास्तरीण म्हणते, कारण समोर कोणीही असो, मी त्याला काहीतरी समजावून सांगायला लागते.

शेठाणीचं लग्न ठरलं. मुलगा सांगलीकडचा, कृष्णेच्या काठचं गाव. सगळं चांगलं होतं, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, ती पिनांची पाकिटं लावत होती आणि लावता लावताच म्हणाली, "मास्तरीण, आपण दोघी कधी कुठं गेलोच न्हाय गं."

खरंच नव्हतो गेलो. कॉलेजची सहल निघायची तेव्हा कधी माझ्या घरून नाही म्हणायचे, कधी तिच्या. मी म्हटलं, "लग्नाच्या आधी एक दिवस आपला. सांग कुठं."

"जिथं किंचाळलं तरी कोण बघणार न्हाय अशा ठिकाणी," ती म्हणाली.

असं ठिकाण म्हणजे पार्क. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे कामाला लागले. खोपोलीकडचं एक मोठं पार्क होतं, आभाळाला टेकणाऱ्या राईड्सचं. आमच्या ऑफिसातल्या मुली तिथं जाऊन आल्या होत्या आणि जेवणाच्या सुट्टीत अजून त्याच गप्पा चालायच्या. दुसरं पुण्यातलं, पाण्याचं, घसरगुंड्या आणि लाटांचा तलाव असलेलं. तिसरं आमच्याच इंदापूर तालुक्यात एका बागायतदारानं उसाच्या कडेला काढलं होतं. दोन घसरगुंड्या, एक पाळणा, हुरडा आणि ट्रॅक्टरची फेरी. ते सगळ्यात स्वस्त.

"ट्रॅक्टरची फेरी?" मी म्हटलं. "तिकीट काढून मी ट्रॅक्टरवर बसायचं?"

"तुझ्या आण्णांना कळलं तर त्यांना ॲटॅक येईल," शेठाणी म्हणाली, आणि तिसरं पार्क तिथंच संपलं.

राहिली दोन. माझं मन खोपोलीकडं होतं. आधीच्या दिवशी बुकिंग केलं तर काय, शनिवार-रविवार सोडून गेलं तर किती सूट, सगळ्या बारीक अक्षरातल्या अटी मी वाचून काढल्या होत्या. आमच्या बजेटमध्ये ते ओढूनताणून का होईना बसत होतं. पण शेठाणी हो म्हणत नव्हती. लांब पडतंय, रांगा फार असतात, मला मळमळतं, असं रोज नवीन.

तोवर मी घरी सांगून टाकलं होतं.

"पार्क म्हंजी काय आसतंय?" आईनं विचारलं.

"मोठ्ठे पाळणे असतात. पाणी असतं. बसायचं, ओरडायचं, खाली यायचं."

शेजारच्या काकू चाळणी मागायला आल्या होत्या, त्या दारातनंच म्हणाल्या, "आगं, तुजं वय पाळणा हलवायचं. आन् तू बसायलाच निगालीस व्हय?"

आई तोंडाला पदर लावून हसली. वडील नुकतेच खेपेवरून आले होते, हातपाय धूत होते.

"कोण आजारी हाय का तिकडं?"

"न्हाय, आण्णा."

"परीक्षा हाय?"

"परीक्षा संपल्या आता माझ्या."

"मंग कशानिमित्त?"

"कशानिमित्तच न्हाय. मजा करायला."

"मजा," ते म्हणाले. नवीन नट हातात घेऊन आटे बघतात तसा तो शब्द त्यांनी बघितला. मग टॉवेल खांद्यावर टाकला. "येताना अंधार करू नका."

मला वाटलं, जिंकले. आमच्या घराण्यात निमित्ताशिवाय घराबाहेर पडणारी पहिली बाई मी. दुसऱ्या दिवशी ऐटीत दुकानात गेले आणि शेठाणीला सगळं नकलेसकट सांगितलं. ती हसली, पण लगेच म्हणाली, "पुण्यातलंच बघ गं. पाण्याचं."

"महाग पडतंय का तुला खोपोलीचं? सरळ सांग."

"तसं समज."

"समजणार न्हाय. तू चार दिवस मळमळतंय म्हणतीयेस, आणि आज तसं समज."

तिनं अब्बांकडं बघितलं. मी त्यांना चाचा म्हणते. चाचा बाहेर ओट्यावर एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. "पुण्यातलं पार्क खालाच्या घराजवळ हाय," ती हळू आवाजात म्हणाली. खाला म्हणजे तिची मावशी. "येताना तिच्याकडं जायचं. म्हंजे खालाकडं गेले होते, असं सांगता येतं."

"कुणाला सांगता येतं? चाचा तर हो म्हणालेत."

"तिकडं."

तिकडं म्हणजे सासरी. मला रागच आला. "शेठाणी, आपण पदवी घेतली ती काय फ्रेम करून लावायला?"

"माझी लावलीय," ती म्हणाली आणि मान वर केली. गल्ल्याच्या वर, खरंच, अब्बांनी सोनेरी चौकटीत तिचं सर्टिफिकेट टांगलं होतं, खाली टिकल्यांची पाकिटं. एरवी आम्ही त्यावर पोट धरून हसलो असतो.

"तुझं बरंय मास्तरीण. तू हितंच राहणार. तुझ्या आण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला की विषय संपला. मला ज्या माणसांत रोज सकाळी उठायचंय, त्यांना मी आत्ता कुठं भेटलेय. त्यांना माझ्याबद्दल पहिली गोष्ट काय कळावी? की पोरगी एकटी पाळण्यात बसत फिरते? तू तत्त्वं सांगून जीपमध्ये बसून घरी जाशील. तिकडं उत्तर मला द्यायचंय."

मी काहीतरी बोलले, आता नीट आठवत नाही. जीपमध्ये बसून घरी आले. अगदी ती म्हणाली तशीच.

दोन-तीन दिवस आम्ही बोललो नाही. आईच्या ते लगेच ध्यानात आलं. संध्याकाळी लसूण सोलत बसलो होतो, तेव्हा तिनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल किंवा शेठाणीची. तिनं कुणाचीच घेतली नाही. म्हणाली, "तुजी आत्या ॲडमिट हुती, मी डबा घिऊन गेल्ते, ध्यानात हाय?"

"हो."

"डबा दिला आन् मी आन् तुजी धाकली काकी बागंत गेलो. आईस्क्रीम खाल्लं. दोन-दोन." हे सांगताना ती लसणाकडं बघून हसत होती. "बोटीत बी बसलो."

"हे तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"कुणालाच न्हाय सांगितलं. आत्या काय खोटी आजारी नव्हती. डबा बी दिलाच की."

इतकी वर्षं मी समजत होते की निमित्त म्हणजे बाईच्या पायातली साखळी. आणि ही माझी आई त्याच निमित्तातून हळूच बोटीत जाऊन बसली होती, काकीला घेऊन. मला त्यात आनंद वाटला आणि वाईटही वाटलं. आनंद बोटीचा. वाईट याचं की ती बोट तिनं इतकी वर्षं मनातच सांभाळली. माझा मुद्दा चुकला होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण मुद्दा माझा होता आणि दिवस शेठाणीचा होता, एवढं मला कळलं.

मी शेठाणीला मेसेज केला, "खालाला विचार, चहाबरोबर काय देणार आहे."

तिचं उत्तर लगेच आलं. "खारी. आणि खूप प्रश्न."

तर आम्ही पुण्यातल्या पाण्याच्या पार्कला गेलो. बारामती स्टँडवरून पहाटेची एसटी, पुढं सिटी बस. तिथं सुती कपडे चालत नाहीत हे मी आधीच वाचलं होतं. शेठाणीनं पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा ड्रेस मागवला होता, मी तिथलाच भाड्याचा घातला, तो गुडघ्याला ढगळ आणि गळ्याला घट्ट. पहिल्या घसरगुंडीच्या टोकाला आम्ही गेलो तेव्हा मी तिला पाण्याचा वेग, उतार वगैरे समजावून सांगत होते. ती म्हणाली, "मास्तरीण, तास संपला," आणि मला ढकललं. मी जी किंचाळले त्यात मला माझाच आवाज ओळखू आला नाही. मागून तिचा आला.

दुपारी आम्ही टायरीच्या रिंगेत आडव्या पडून हळू वाहणाऱ्या पाण्यात गोल गोल फिरत राहिलो. ती तिकडच्या घराबद्दल बोलली. स्वयंपाकघराची खिडकी कुठं आहे, नणंद कशी हसते, सासू कशी फार बोलत नाही आणि त्यामुळं जास्त भीती वाटते. मी एकदाही मध्ये काही समजावलं नाही. ऊन कडक होतं, आम्हाला भान नव्हतं.

खालानं खारी दिली, प्रश्न विचारले नाहीत. आमच्या तोंडाकडं बघून एवढंच म्हणाली, "पुण्याचं ऊन लई लागलंय तुम्हाला."

पुढच्या रविवारी शेठाणीची होणारी सासू आणि नणंद दुकानात आल्या. लग्नाच्या चुड्यासाठी बांगड्यांचं माप घ्यायचं होतं. मी काउंटरच्या आत काचेचे डबे काढून द्यायला थांबले होते. सासूबाई ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावर पदर घट्ट. त्यांनी शेठाणीचा हात हातात घेतला, ड्रेसची बाही कोपरापर्यंत मागं सारली आणि थांबल्या. मनगटापर्यंत हात रापून काळा झालेला, तिथून वर गोरा. मध्ये दोऱ्यानं आखावी तशी रेघ.

"ह्ये काय गं? खाली येगळी, वर येगळी?"

नणंद वाकून बघायला लागली. चाचा फळीवरचा डबा काढत होते, त्यांचा हात तिथंच राहिला. आणि ज्या मास्तरणीनं तत्त्वावर भांडण केलं होतं, तीच मी सगळ्यांच्या आधी बोलले, "खालाकडं गेलो होतो आम्ही, पुण्याला, तिकडं ऊन..."

"खालाकडं चहाला गेलो," शेठाणी म्हणाली. तिचा आवाज जरा फाटला, पण ती थांबली नाही. "त्याच्या आधी दिवसभर पाण्यात होतो. तितं पार्क हाय एक. उंचावरनं घसरायचं आन् पाण्यात पडायचं."

"कशानिमित्त?"

"मजा म्हणून. ही आन् मी."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी बांगड्यांच्या डब्याचं झाकण उगाच लावलं आणि उघडलं. त्यांनी शेठाणीचा हात सोडला नव्हता.

"पवायला येतंय तुला?"

"न्हाय."

त्या आपल्या लेकीकडं वळल्या. "बघ. पवायला येत न्हाय आन् पाण्यात पडायला तिकीट काढलंय." मग परत इकडं. "आमच्या दारात नदी हाय. पयलं पवायला शीक, मंग कुठं पडायचंय तितं पड."

"शिकवणार कोण?" शेठाणीनं विचारलं. ती हसत होती की रडायच्या बेतात होती, मला कळेना.

"मी," सासूबाई म्हणाल्या, "आजून ह्या काठावरनं त्या काठाला जाती मी," आणि मापासाठी तिचा दुसरा हात ओढून घेतला.