बोलीवर घेतलेलं मशीन

भिमाजीतात्यांना कुणी वाकून नमस्कार केला की ते आधी विचार करायचे, याचं आपल्याकडं काम काय असेल? आशीर्वाद मागाहून. आळेफाट्याच्या मळगंगा अपार्टमेंटमध्ये मी त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायचो आणि सोसायटीचा सेक्रेटरीही मीच होतो. त्यामुळं त्यांचा संशय मी जवळून पाहिला, आणि बऱ्याचदा अंगावर घेतला. जिन्यातला बल्ब गेला की तो मीच घरी नेला असणार, असं ते मला तोंडावर म्हणायचे. पाठीमागं बोलायची सवय त्यांना नव्हती, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

मूळचे ते पिंपळवंडीचे. नव्वदच्या आसपास त्या भागात कुणाला बैल घ्यायचा झाला तर तो तात्यांना सोबत घेतल्याशिवाय बेल्ह्याच्या बाजाराला जात नसे. बैल विकणारे काय काय करतात ते त्यांना पाठ होतं. शिंगं तासून वय चोरणारे, गूळ चारून तरतरी आणणारे, लंगडा पाय चिखलात उभा करणारे, सगळे त्यांना टरकून असत. तात्या बैलाला बसवायचे, उठवायचे, उताराला चालवायचे आणि मग म्हणायचे, "बोलीवर देतो का?" बोलीवर म्हणजे बैल घरी न्यायचा, औताला जुंपून बघायचा, आणि खोड निघाली तर परत त्याच्या दावणीला बांधायचा. व्यवहार तोंडी, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

पुढं घरोघर ट्रॅक्टर आले आणि बैलबाजार ओसरला. संशय मात्र होता तसाच राहिला, त्याला आता बैल मिळेना. मग तो गॅसच्या टाकीवर, दूधवाल्यावर, केबलवाल्यावर आणि आम्हा शेजाऱ्यांवर जाऊन बसला. धाकट्या मुलानं इथं फ्लॅट घेतला आणि तो स्वतः नोकरीला चाकणला गेला. फ्लॅट रिकामा ठेवला तर कुणीतरी कुलूप तोडून घुसेल, म्हणून तात्या ठमाबाईंना घेऊन तिसऱ्या मजल्यावर येऊन राहिले.

त्यांचं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं. तिसरा मजला म्हणजे शेवटचा. बिल्डिंग जुनी, वायरिंग त्याहून जुनं. दोन घरांत एकदम गीझर लावला की खालचा फ्यूज उडायचा. त्यात लोडशेडिंग असं की अंघोळीच्या वेळेला हमखास लाईट नसायची. दोन हजार सहापर्यंत आमच्या प्रत्येक गॅलरीत पुन्हा तांब्याचा बंब आला होता. त्यात बाभळीचं सरपण, मक्याची बुरकुंडं, टोमॅटोचे मोडके क्रेट, जे मिळेल ते जायचं. हा सगळा धूर मागच्या डक्टमध्ये कोंडायचा आणि वर चढून ठमाबाईंच्या स्वयंपाकघरात उतरायचा.

ठमाबाईंना दमा जडला. त्या आडव्या झोपू शकत नव्हत्या. भिंतीला वळकट्या रचून त्यांना टेकून बसल्या बसल्याच डोळा लागेल तेवढी झोप. नारायणगावच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं, "औषध मी देईन, धूर तुम्ही बंद करा. नाही केलात तर पुढची थंडी यांना झेपणार नाही." तात्यांनी त्याच दिवशी स्वतःचा बंब विझवला आणि थंडीच्या तोंडावर गार पाण्यानं अंघोळी सुरू केल्या. पण धूर काय त्यांच्या एकट्याच्या घरचा होता? ते दारोदार जाऊन सांगून आले. लोक 'हो हो' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंब पेटले. मला त्या लोकांचा राग यायचा, पण लहान मुलांना गार पाणी कोण घालणार?

अशात भागू आला. हा मंचरचा, आधी डेअऱ्यांमध्ये दूध थंड करायच्या मशीनची कामं करायचा. बोलायला इतका गोड की मलाच त्याच्यावर पहिला संशय आला. एका मीटिंगमध्ये तो म्हणाला, "फ्रिजच्या मागं हात लावून बघा, कसं गरम लागतं. आतली ऊब वढून तो मागं फेकतो. माझं मशीन हवेतली ऊब वढून पाण्याला देतं. याला हीट पंप म्हणत्यात. गीझरपरास लई कमी लाईट खातं. दुपारी लाईट आली की पाणी तापवून ठिवायचं, सकाळपर्यंत टाकी गरम."

"थंडीत हवेत ऊब कुठनं आली?" तात्यांनी विचारलं.

"असती तात्या. आपल्याला लागत न्हाई, मशीनला लागती."

तात्या माझ्या कानाशी लागले, "आपल्याला दिसत न्हाई पण त्याला दिसतं म्हणणारा पयला माणूस देवरुशी, दुसरा हा."

पण ठमाबाई दाराशी बसून खोकत होत्या आणि तो खोकला सगळ्या मीटिंगला ऐकू येत होता. शेवटी तात्यांनीच तोड काढली. मशीन बोलीवर घ्यायचं. सगळा मार्गशीर्ष चालवून बघायचं. खोड निघाली तर भागूनं ते मुकाट्यानं उतरवून न्यायचं. भागूनं तिथल्या तिथं हातावर हात मारला.

गच्चीवर पिलरच्या बरोबर डोक्यावर टाकी बसली, कारण मधल्या स्लॅबचा भरवसा नव्हता. बाहेरच्या भिंतीवरून फोम गुंडाळलेले पाइप घरोघर उतरले. आणि पाणी खरंच तापलं. बंब घासूनपुसून माळ्यावर गेले. विकले मात्र कुणीच नाहीत. डक्टमधला धूर थांबला आणि ठमाबाईंचा खोकला थोडा सुटा झाला.

दुसरा कुणी असता तर त्यानं देवाला नारळ फोडला असता. तात्या गच्चीवर घमेलं पालथं घालून मशीनसमोर बसू लागले. मशीनमधून गार वारा येतो आणि पाणी मात्र गरम होतं, हे त्यांच्या डोक्यात काही केल्या बसेना. त्यांचं म्हणणं, आत कुठंतरी गीझरची कॉइल दडवलेली आहे, गार वारा नुसता देखावा. सोसायटीनं एकदा मशीन विकत घेतलं की बिल फुगणार, लोक चिडून ते बंद पाडणार, पुन्हा बंब पेटणार आणि मग ठमाबाईचं काय? हा प्रश्न मात्र खोटा नव्हता.

मग बैलाची परीक्षा घेतात तशी त्यांनी मशीनची घेतली. हवेतून ऊब ओढतं म्हणतो ना? तर हवा तोडायची. तरीही पाणी तापलं तर कॉइल आहे, भागू चोर. एका बुधवारी दुपारी लाईट आली, मशीन सुरू झालं, बिल्डिंग जेवून आडवी झाली, तेव्हा त्यांनी द्राक्षबागेवरची जुनी ताडपत्री आणून मशीन चारी बाजूंनी आवळून बांधलं. कुणालाही न सांगता. सांगितलं असतं तर कुणीतरी भागूला फोन केला असता, असा त्यांचा हिशेब.

बऱ्याच वेळानं ताडपत्री सोडली तर आतल्या जाळीवर पांढरा बर्फ धरलेला आणि मशीन गप्प. टाकीत पाणी कोमटसुद्धा नाही. म्हणजे कॉइल नव्हती. भागू खरं बोलत होता. तात्या समाधानानं ताडपत्रीची घडी घालून खाली आले. आता हवा मोकळी झाली, मशीन आपोआप चालू होईल, असं त्यांनी धरलं. बैल जू काढल्यावर आपोआप चरायला लागतो, मशीन लागत नाही. बंद पडलेलं मशीन बटण दाबून उठवावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडायचा म्हणून बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या बायका डोक्यावरून न्हायला बसलेल्या, आणि नळाला बर्फासारखं पाणी. पहिल्या मजल्यावरच्या शीलाची किंकाळी मी दाढी करताना ऐकली आणि गालाला ब्लेड लागलं. तासाभरात सगळे बंब माळ्यावरून खाली आले. कोपलेल्या लोकांनी जरा जास्तच सरपण घातलं असावं, कारण डक्ट काळा झाला. वर ठमाबाईंना खोकल्याची अशी उबळ आली की तात्या त्यांना उचलून गच्चीवर मोकळ्या हवेत घेऊन आले.

दुपारपर्यंत भागूही पोचला. त्यानं मशीन उघडलं आणि म्हणाला, "कुणीतरी हवा कोंडली व्हती याची."

"आता काहीतरी सांगणारच तू," तळमजल्यावरचा गॅरेजवाला दादाभाऊ म्हणाला. "बोली म्हंजे बोली. खोड निघाली. उतरव."

सगळ्यांनी त्याला दुजोरा दिला. भागूनं दोनदा समजावून बघितलं, मग त्यानंही चिडून पाना हातात घेतला आणि पाइप सोडायला बसला. ठमाबाई कठड्याला टेकून श्वास ओढत होत्या. त्या एकेका श्वासाचा आवाज येत होता.

"थांब," तात्या म्हणाले. "खरं बोलतोय तो. मी झाकलं व्हतं काल. ताडपत्रीनं."

सगळ्या माना तात्यांकडं वळल्या. मग दादाभाऊ हसला. "तात्या, भागूशी कितीत ठरलं?"

तात्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याची लबाडी शोधली, त्याला आजवर कुणी लबाड म्हणालं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याही मनात आलं, की बायकोसाठी हा माणूस खोटं बोलू शकेल. आणि भागू एवढा गोड बोलणारा, त्यानं पढवलं नसेल कशावरून?

"बेल्ह्याच्या बाजारात माझ्या शब्दावर बैल सुटायचं," तात्या म्हणाले.

"तो बाजार गेला तात्या," दादाभाऊ म्हणाला.

तात्यांनी एकदा ठमाबाईंकडं बघितलं. मग खाली जाऊन ताडपत्री घेऊन आले आणि दादाभाऊच्या पायाशी टाकली. "माझ्यावर इस्वास ठिवू नका. मी तुमच्या जागी असतो तर मीबी ठिवला नसता. तुमच्या हातानं झाका. मी लांब बसतो."

लाईट आलेलीच होती. भागूनं बटण दाबून मशीन उठवलं. दादाभाऊनं स्वतः ताडपत्री बांधली, गाठी शीलानं ओढून तपासल्या. तात्यांना आणि भागूला दोन वेगळ्या कोपऱ्यांत बसवलं, एकमेकांना खुणा करू नयेत म्हणून. बायका घट मांडायचा सोडून मशीनभोवती बसल्या. काही वेळानं मशीन गप्प झालं. ताडपत्री सोडली तर तोच पांढरा थर. दादाभाऊनं तो नखानं खरवडला आणि जिभेला लावला.

"बर्फच हाय," तो म्हणाला. दुसरं काय असणार होतं, मीठ?

मशीन राहिलं. महिना सरल्यावर बंब जुन्नरच्या तांबटाकडं गेले, एकट्या दादाभाऊनं आपला ठेवला. त्या दुपारबद्दल तात्यांची माफी कुणीच मागितली नाही आणि त्यांनीही ती अपेक्षिली नसावी. जिन्यात मी त्यांना टाळायचो.

संक्रांतीनंतर एका दुपारी गच्चीची किल्ली मागायला मी वर गेलो. दार उघडंच होतं. ठमाबाई सतरंजीवर चक्क आडव्या झोपल्या होत्या, वळकट्या कोपऱ्यात. तात्या शेजारी उकिडवे बसून त्यांच्या नाकाखाली बोट धरून होते. मी उंबऱ्यातच थांबलो.

"काय झालं तात्या?" मी हळूच विचारलं.

"काय न्हाई. सकाळपास्नं एकदाबी खोकली न्हाई."

"मग चांगलंच आहे की."

"तेच तर," तात्या म्हणाले. बोट तिथंच होतं.

ठमाबाईंनी डोळे न उघडता म्हटलं, "अवो, जिती हाय मी. हात काढा."

"तू तर म्हणशीलच," तात्या म्हणाले, आणि त्यांनी हात काढला नाही.