अवरक्त किरण आणि बाबांचा तळपाय

वीसेक वर्षं मी आकाशातून जमिनीचं तापमान मोजलं. एवढ्या काळात माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक म्हणजे मी उपग्रहापेक्षा बाबांच्या पायावर जास्त विश्वास ठेवला. त्यात त्यांचा तो पाय जाता जाता राहिला.

तापलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर टाकत असते. तवा टाकतो, डांबरी रस्ता टाकतो, आपणही टाकतो. उपग्रहावरचं यंत्र ते वरून टिपतं, आणि त्या आकड्यांवरून खाली कुठे किती तापलंय हे शोधत बसणं, हे माझं काम. या किरणांना मराठीत अवरक्त म्हणतात. हा शब्द ज्याने कुणी घडवला त्याच्यावर माझा जुना राग आहे.

मला परराज्यातल्या एका संस्थेत नोकरी लागली तेव्हा आमच्या गावाने नाक्यावर फ्लेक्स लावला होता. गाव पनवेलपासून रिक्षाने अर्ध्या तासावर, खाडीच्या काठी. फ्लेक्सवर माझा दहावीतला तेल चोपडलेल्या केसांचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'अव रक्त शास्त्रज्ञ'. छापणाऱ्याने मधे जागा सोडली होती. 'अव' कुणाला कळलं नाही, रक्त सगळ्यांना कळलं. त्या दिवसापासून मी गावात रक्ताची डॉक्टर झाले.

सुट्टीत घरी आले की ओटीवर माणसं यायची. प्रत्येकाच्या हातात पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या लॅबचं पाकीट. सुरुवातीला मी चिडायचे. शेजारच्या काकीला एकदा चांगलंच फटकारलं, "काकी, मी जमिनीचा ताप बघते गं, माणसाचा नाही!"

"मंग माज्या तापाचा पन बग ना," काकी म्हणाली आणि पाकीट माझ्या मांडीवर ठेवून चहा प्यायला आत गेली.

हळूहळू मी हात टेकले. आकडे वाचणं हाच माझा धंदा, मग हिमोग्लोबिन काय आणि साखर काय. कंसातल्या आकड्यापेक्षा जास्त दिसलं की दटावून पनवेलच्या दवाखान्यात पाठवायचे. याच काकीची साखर मीच पकडली. "पायाला कायच कलत नाय गं, चप्पल सुटली तरी कलत नाय," असं ती तेव्हा म्हणाली होती. मी ते ऐकून घेतलं आणि पुढचं पाकीट उघडलं.

बाबांचं मिठागर होतं. खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं. पलीकडे न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांची रांग, अलीकडे बाबा अनवाणी. पाणी किती तापलंय हे ते कधी हाताने बघत नसत. वाफ्यात पाय घालायचा आणि सांगायचं. त्यांच्याकडे चारच मापं होती: गार, कोमट, ऊन आणि 'पाय ठेववत नाय'.

माझ्या कामात वरून आलेला आकडा खाली कुणीतरी ताडून पाहावा लागतो. गंमत म्हणून मी आमच्या मिठागरावर सुरुवात केली. उपग्रह ठरावीक दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या डोक्यावरून जायचा. त्या वेळी मी फोन करायचे, बाबा वाफ्यात उभे राहून माप सांगायचे, मी वहीत लिहायचे. सुट्टीत थर्मामीटर लावून त्यांच्या चार शब्दांचे अंश काढून ठेवले होते. थक्क व्हावं इतकं जुळायचं. माझ्या निबंधात मी याला 'स्थानिक निरीक्षण' म्हटलं. बापाचा पाय असं लिहिता येत नाही.

एकदा त्यांना ते चित्र दाखवलं. वरून आमचं अख्खं आगर म्हणजे रंगाचे चार चौकोन. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"एवडाच?"

"एवढंच."

"नि मी खय हाय यात?"

"असाल की त्यातच कुठेतरी," मी म्हणाले. मला घाई होती.

आईची मात्र या फोनबद्दल तक्रार असायची. "तुजा फोन आला का हे डोक्यावरचा टॉवेल काडून उबे ऱ्हातान. भर उनात! बोडकी डोकी तापवून घ्यायची हौस हाय." मला वाटायचं, नीट ऐकू यावं म्हणून काढत असतील.

मग एका हंगामात जुळेनासं झालं. वरचा आकडा म्हणे वाफे रटरटतायत, बाबा म्हणत, "कोमट." पुढच्या वेळी पुन्हा, "कोमट गं." मी एक क्षणही बाबांवर शंका घेतली नाही. हवेतल्या दमटपणाचा हिशेब पुन्हा केला. मिठाची पांढरी खपली उष्णता कमी-जास्त सोडते, म्हणून तो गुणांक बदलून पाहिला. मीटिंगमध्ये ठासून सांगितलं की यंत्रातच काहीतरी बिघडलंय. दीड महिना मी त्या आकड्यांच्या मागे हात धुऊन लागले होते.

शेवटी कंटाळून शेजारपाजारची सगळी ठिकाणं तपासली. खाडी जुळत होती. पलीकडची मिठागरं, तिथे ठेवलेल्या थर्मामीटरशी, जुळत होती. कोन गावाकडचा रस्ता, पनवेलच्या छपरांचे पत्रे, सगळं जुळत होतं. चूक होती फक्त चार चौकोनांत. आमच्या.

मी पडद्याकडे बघत बसले, आणि काकीचं वाक्य आठवलं. पायाला कायच कलत नाय.

आईला फोन केला. "बाबांना बसव आणि त्यांचे तळवे बघ. आत्ता बघ." माझा आवाज ऐकून ती लगेच उठली. फोन तसाच चालू राहिला. बाबा कुरकुरत होते, "काय झालाय मना, बरा हाय मी." मग आईने दिसलं ते एकेक सांगितलं. उजव्या टाचेला बोटभर खोल चीर पडली होती, कडा काळ्या झालेल्या, आणि आत मिठाचे खडे. त्याच पायाने ते रोज मिठाच्या पाण्यात उतरत होते. जखमेत खरोखरचं मीठ होतं आणि माणसाला पत्ता नव्हता.

मी पोचेपर्यंत त्यांना पनवेलच्या दवाखान्यात दाखल केलं होतं. साखर भलतीच वाढलेली. डॉक्टर म्हणाले, अजून आठ दिवस गेले असते तर पाय घोट्यापासून काढावा लागला असता. पहिले तीन दिवस तेही नक्की सांगता येत नव्हतं. त्या तीन दिवसांत मी स्वतःला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. साऱ्या गावाची पाकिटं मी वाचली होती. आमच्या घरातलं एकही पाकीट माझ्या हातात आलं नव्हतं, आणि मी कधी मागितलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी डॉक्टर पट्टी बदलून म्हणाले, पाय राहील. मी बाहेर जाऊन रडून आले आणि मग आत येऊन बाबांवर तोंड सोडलं. माझा स्वभावच तसा आहे, जीव भांड्यात पडला की मी भांडते.

"अख्ख्या गावाने रक्त तपासून घेतलं. तुम्हाला एकदा स्टँडपर्यंत जायला काय झालं होतं?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता, नवल होतं.

"मी कशाला जाव? माजा तर तू बगतेस ना."

"मी? मी कधी बघितलं?"

"वरना," ते म्हणाले आणि त्यांनी छताकडे बोट केलं. "फ्लेक्सवर लिवला व्हता ना, रक्ताचा. त्या दिवशी तू बोललीस, मी त्या चित्रात हाय म्हनून. काय वाकडा असता तर पोरीनं सांगितला असता, असा धरून चाललो."

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी करू लागले. अवरक्त म्हणजे काय हे मी परिषदांमधून शेकडो लोकांना समजावलं होतं, बाबांना कधी समजावलं नव्हतं.

बाबांना वाटलं, मला पटलं नाही. म्हणून ते समजूत काढल्यासारखे म्हणाले, "तुजा फोन आला का टॉवेल काडून उबा ऱ्हायचो ना मी. तुला नीट दिसावा म्हनून."