कांजीबाईंची हक्काची रजा

रुग्णालयाच्या चादरींच्या खोलीत मी कांजीबाईंच्या हाताखाली बावीस वर्षं काढली. नाव त्यांना आम्हीच ठेवलं होतं. त्यांचा पांढरा कोट कांजी घालून इतका कडक केलेला असायचा, की खुंटीची गरजच नव्हती. स्वभावही तसाच. मोठे डॉक्टर असले तरी डाग पडलेली चादर कशी खराब झाली हे सांगितल्याशिवाय दुसरी मिळायची नाही. मीही त्यांची बोलणी भरपूर खाल्ली आहेत आणि आज त्यांच्याच बाजूनं बोलते आहे, हे आधीच सांगून टाकते.

त्यांचा एक नियम होता. रोगी घरी गेला की पलंग उघडा करायचा. चादर, अभ्रा, पांघरूण काढून चौकोनी घड्या आणि पायथ्याशी गठ्ठा. उघडा पलंग दिसला की माणूस गेला, जागा रिकामी झाली, हे सगळ्या वॉर्डाला न बोलता कळायचं.

निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना परदेशी बोलावून घेतलं, सहा महिन्यांसाठी. "ये आई, आराम कर." आराम कसला, डोंबलाचा! मुलगा आणि सून सकाळी कामाला जायचे आणि दीड वर्षाची नात, भांडी, कपडे सगळं बाईंच्या गळ्यात. मी फोनवर चिडून विचारलं, "बाई, तुम्ही पाहुण्या आहात की आया?" तर म्हणाल्या, "आया असते तर आठवड्याची सुट्टी तरी मिळाली असती."

त्यांची इच्छा एकच होती, समुद्रात उतरायची. जन्म सगळा समुद्रापासून लांब गेलेला. पाहिला तो विमानाच्या खिडकीतून. पाचव्या महिन्यात मुलगा म्हणाला, "चार दिवस बेटावर जाऊ. खास तुझ्यासाठी." बाईंनी गुपचूप बाजारात जाऊन गुडघ्यापर्यंतचा निळा पोहण्याचा पोशाख आणला आणि बॅगेच्या तळाशी ठेवला. मला मात्र लगेच फोन केला.

बोटीनं बेटावर पोचले. हॉटेलात तळमजल्यावर चौघांना मिळून एक खोली. खिडकीतून दिसायच्या उभ्या केलेल्या गाड्या. सून म्हणाली, "आई, बाळाला ऊन बाधेल. तुम्ही दोघी खोलीतच थांबा, आम्ही पोहून येतो." पहिला दिवस तसा गेला. दुसराही. संध्याकाळी नातीला कडेवर घेऊन दहा मिनिटं वाळूवर, घोट्याइतक्या पाण्यात उभं राहणं, एवढीच काय ती बाईंची सुट्टी. तिसऱ्या दिवशी मोठ्या होडीतून खोल पाण्यात रंगीत मासे बघायला जायचं होतं. तिकिटं दोन. कोणाची, ते सांगायला नकोच.

त्या दिवशी पहाटे नवरा-बायको किनाऱ्यावर फिरायला गेली आणि इकडे बाईंचं डोकं सणकलं. राग आला की त्यांच्या हातांना काम लागतं. दोन्ही पलंग, बाळाचा पाळणा, सगळं उघडं केलं. चौकोनी घड्या, पायथ्याशी गठ्ठे. बॅगा भरून दाराशी ओळीत लावल्या. मग नातीला घेऊन नाश्त्याला गेल्या.

परत येऊन बघतात तर दाराचं कार्ड चालेना. खोल्या आवरणाऱ्या मुलीनं उघडे पलंग आणि ओळीतल्या बॅगा पाहिल्या, मंडळी निघाली असं स्वागतकक्षात कळवलं आणि खोली दुसऱ्यांना दिली गेली होती. बॅगा तळघरात. नवी खोली संध्याकाळी पाचला.

मुलगा तणतणत आला. "आई, चादरी काढायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. तेवढ्यात हॉटेलचा व्यवस्थापक त्या मुलीला बोलायला लागला. बाईंनी मुलाचा दंड धरला. "त्याला सांग, तिची चूक नाही. उघडा पलंग म्हणजे गेलेला माणूस. मुलीला काम येतं." मुलानं थोडक्यात आटोपायचा प्रयत्न केला. बाईंनी त्याला सगळं पुन्हा सांगायला लावलं.

"बरं, झालं ते झालं," सून घड्याळ बघत म्हणाली. "आई, इथे स्वागतकक्षात सोफा आहे ना, तुम्ही बाळाला घेऊन बसा. आमची होडी साडेनऊला आहे."

बाईंनी सोफ्याकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणजे?" मुलगा.

"नाही म्हणजे नाही. खोलीत बसले, घरात बसले, पाच महिने बसले. नात मला जिवापाड प्रिय आहे, पण ती तुमची मुलगी आहे. माझ्यासाठी आलो म्हणालास ना? मग तिकिटं इकडे आण. मी आणि सूनबाई जातो. तू बस."

"तुला पोहता तरी येतं का?"

"नाही. अंगात घालायला जाकीट देतात. बाहेरच्या फळ्यावर चित्र आहे."

"आणि काही झालं म्हणजे?"

"काय काय होतं ते मी रुग्णालयात चाळीस वर्षं पाहिलंय. तू मला शिकवू नकोस."

 सुनेनं बाळाची पिशवी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. मला वाटतं, त्या क्षणी बाईंनी सून जिंकली. पोशाखासाठी तळघर उघडावं लागलं, आणि ते उघडलं खोल्या आवरणाऱ्या त्याच मुलीनं.

खोल पाण्यात उतरताना शिडीच्या प्रत्येक पायरीवर थांबावं लागलं, हे बाईंनी मला स्वतः सांगितलं. नाकातोंडात खारं पाणी गेलं. सुनेनं हात घट्ट धरला होता. थोड्या वेळानं बाई तिला म्हणाल्या, "सोड आता." आणि एकट्या तरंगत राहिल्या. खाली पिवळे मासे फिरत होते. "मला फार आनंद झाला गं," एवढंच त्यांनी मला फोनवर सांगितलं. बावीस वर्षांत असं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

दुपारी परतल्या तेव्हा मुलाच्या शर्टावर केळं चिकटलेलं, केस विस्कटलेले, नात सोफ्याखाली शिरलेली.

"झाली हौस?" त्यानं फणकाऱ्यानं विचारलं.

"कसली झाली? उद्याची तिकिटं काढ."

"उद्या दुपारी परत निघायचंय आपल्याला."

"मग सकाळची काढ," बाई म्हणाल्या आणि ओल्या पायांनी तिथेच उभ्या राहिल्या, तो उठेपर्यंत.

तो उठला.