कच्च्या पाल्याचं कालवण

आमच्या पोशीरच्या वहिनीइतकं समोरच्याला गोंधळात टाकणारं माणूस कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरं सापडायचं नाही; आणि सापडलंच, तर ते तिच्याच हाताखाली तयार झालेलं असणार. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, दादाची बायको. मी कर्जतच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवतोय, त्यामुळे गोंधळलेले चेहरे बघणं हा माझा रोजचा धंदा. पण पोशीरला गेलो की तसला चेहरा माझा असतो. वहिनी कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करते. मी उंबऱ्यात पाय ठेवला की, "म्हणून मी तिला सांगितलं, बाई, म्हस आमची नायच," असं म्हणून ती पाण्याचा तांब्या पुढे करते. ही 'तिला' कोण, म्हैस कुणाची, आणि तिचं झालं काय, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर ती म्हशीच्या आधीच्या रेडकापासून सुरुवात करते आणि मी कशाला आलो होतो हेच माझ्या ध्यानात राहत नाही.

हे सगळं ती लग्न होऊन आली तेव्हापासूनचं. पण गेल्या तीन-चार वर्षांत तिच्या तऱ्हा फारच वाढल्या होत्या. चहा द्यायची तो बिनसाखरेचा, आणि साखरेचा डबा चमच्यासकट शेजारी आणून ठेवायची. "तुमची तुमी घाला, भावजी. हल्ली कुणाला काय झालेलं असतंय, काय सांगावं!" वरणात मीठ घालताना चिमटी मोजायची, तीही मोठ्यानं, आणि मध्ये कुणी हाक मारली तर त्याच्यावर असं खेकसायची, की बिचारा परत त्या वाटेला जात नसे. आणि स्वतः शिजवलेलं ती कधी चाखायची नाही. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी अन्नाला जीभ लावायची नाही, ही रीत आमच्याकडे सगळ्यांचीच, पण ती सणासुदीला. वहिनीनं वर्षाचे बारा महिने सण करून टाकला होता. साधी वांग्याची भाजी झाली तरी ती वाटीत घेऊन आळीत निघायची आणि भेटेल त्याला चाखायला लावायची. गंमत म्हणजे कुणी काय सांगितलं ते ती ऐकतच नसे, नुसती तोंडाकडे बघत राही. "बोलायला काय, कुणी पण गोड बोलतंय. चेहरा खोटं बोलत नाय," हे तिचं शास्त्र.

या शास्त्राला घरात काहीच उपयोग नव्हता, कारण दादाला चेहराच नाही. म्हणजे आहे, चांगला मिशीचा आहे, पण तो हलत नाही. कारलं असो की श्रीखंड, तो खोपोलीच्या कारखान्यात यंत्रासमोर बसावा तसा ताटासमोर बसतो आणि काम संपल्यावर उठतो. त्यामुळे कधी महत्त्वाचं काही रांधायचं असलं की मला बोलावणं येई. "तुमचा चेहरा कसा पाटीवर लिवल्यासारखा हाय," असं ती म्हणाली होती, आणि मी ते कौतुक समजून घेतलं होतं.

तर एका शनिवारी सकाळी असंच बोलावणं आलं. गावाबाहेर मुंबईच्या एका मॅडमचं फार्महाऊस आहे. शनिवार-रविवार तिथं पाहुणे येतात आणि त्यांचं जेवण वहिनी करते. भाकरी, पिठलं, मटण, सगळं चुलीवर. त्या स्वयंपाकघरात पाय ठेवला की वहिनीची पाठ सरळ होते, हे मी स्वतः पाहिलंय. पण हल्ली एकदा आमटी खारट झाली होती, एकदा खीर अगोड. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, की पाहुणे आता सॅलड मागतात; त्यावर घालायचं आंबटगोड ड्रेसिंग घरी करून बघा, संध्याकाळी पाच वाजता मी येऊन चाखेन, नाही जमलं तर मुंबईहून आचारी आणते. वहिनीनं या पदार्थाचं नाव 'कच्च्या पाल्याचं कालवण' ठेवलं होतं, आणि ती घाबरली होती. वहिनीला घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी मोबाइलवर कृती पाठवली होती. ती इतकी सोपी की माझी सातवीची मुलंही करतील. चिंचेचा कोळ, लिंबाचा रस, किसलेला गूळ, किसलेलं आलं, मोहरीची पूड आणि तेल. सगळं बाटलीत घालायचं, झाकण लावायचं आणि जोरात हलवायचं. शेवटी लिहिलं होतं, 'गूळ आणि मीठ चवीप्रमाणे.'

"चवीप्रमाणे म्हणजे किती?" वहिनीनं विचारलं.

मी हसलो. "वहिनी, तीस वर्षं चुलीपुढे काढलीत, आणि मला विचारता?"

ती हसली नाही. बाटली हलवली, वाटीत थोडं ओतलं आणि माझ्यापुढे धरलं.

आता एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. माझी खालची डावी दाढ त्या आठवड्यात ठणकत होती. गोड लागलं की थेट कानापर्यंत कळ जाई. सांगितलं असतं तर वहिनीनं दाढेत लवंग कोंबली असती, म्हणून मी गप्प होतो. पहिला घोट चांगला आंबटगोड होता, पण दाढेला लागला आणि माझा डोळा मिटला.

"आंबट झालं," म्हणत तिनं गूळ घातला.

"नाही हो, छान आहे," मी म्हणालो. पण माझं बोलणं ऐकायचंच नाही असं ठरलेलं. दुसऱ्या घोटाला दोन्ही डोळे मिटले. आणखी गूळ. तिसऱ्याला मी "गोड झालंय, पुरे!" असं कळवळून ओरडलो, आणि ती म्हणाली, "माझं मन नका राखू, भावजी." आणखी गूळ. माझं तोंड जितकं वाकडं, तितका गूळ जास्त. दुपारपर्यंत गुळाची अर्धी ढेप बाटलीत गेली होती, आणि हे काय चाललंय ते मला अजिबात कळत नव्हतं. ही बाई एकदा बोट बुडवून का बघत नाही?

साडेतीनला दादा पहिल्या पाळीवरून आला. वहिनीनं सवयीनं त्याच्यापुढेही वाटी धरली. त्यानं चमचाभर तोंडात घातलं आणि त्याच्या मिशा वर गेल्या. उभ्या जन्मात मी हे पहिल्यांदा पाहिलं.

"काकवी हाय का गं ही?" तो म्हणाला, आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखा गप्प होऊन हातपाय धुवायला मागे निघून गेला.

"वहिनी, आता तरी चाखून बघा," मी म्हणालो. "मॅडमच्या काकडीला कसला आलाय नैवेद्य?"

तिनं चमचा उचलला, तोंडात घातला, आणि कोरड्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत राहिली.

"मला काय कळत नाय, भावजी," ती हळूच म्हणाली. "त्या करोनाच्या तापात तोंडाची चव गेली, ती आलीच नाय. माती खाल्ली काय नि गूळ खाल्ला काय. ह्यांना बोलू नका. त्यांना कळलं तर फार्महाऊसचं काम सोड म्हणतील. मग मी करू काय?"

साखरेचा डबा, मोजलेलं मीठ, आळीभर फिरणारी वाटी, शाळेच्या स्टाफरूमपर्यंत नेऊन मी रंगवून सांगितलेले तिचे सगळे किस्से, एकेक करून माझ्यापुढे आले. मला स्वतःची लाज वाटली. मी दाढेचं सांगून टाकलं. ती इतकी हसली, की तिला पदर तोंडाला लावावा लागला. हसून झाल्यावर तिनं आधी माझ्या दाढेत लवंग कोंबलीच.

मग आम्ही नवी बाटली धुऊन पुन्हा पहिल्यापासून केलं. मी फक्त उजव्या बाजूनं चाखत होतो आणि डावा गाल हातानं धरून बसलो होतो. पाचला मॅडम आल्या, काकडीची फोड बुडवून खाल्ली, मग दुसरी घेतली, आणि मुंबईच्या आचाऱ्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

निघताना दादा मला सोडायला फाट्यापर्यंत आला. मी गाडी सुरू करायच्या आधी म्हणाला, "तिची चव गेलीय रं. मला ठाऊक हाय. मीठ कमी पडलं तर ती पाणी आणायला उठली की मी घालून घेतो. आज चुकून तोंड हललं. तिला काय बोलू नको, मी वळखलंय म्हणून." त्याच्या मिशा पुन्हा जागच्या जागी होत्या.

सोमवारी मी दाढ काढून आलो. डॉक्टर म्हणाले होते, अजून वाचवता येईल, पण दोन-चार खेपा घालाव्या लागतील. मी म्हणालो, शनिवारच्या आत काय ते करा. आता दर शनिवारी मी पोशीरला जातो. तिनं मला 'ह्यांना बोलू नका' सांगितलंय आणि त्यानं 'तिला बोलू नको'. दोघांच्या मधोमध मी वाटी घेऊन बसतो, आणि कुणासमोर काय माहीत नसल्याचं दाखवायचं याचा माझा हमखास गोंधळ होतो.

परवा तिनं बाटली हलवली, वाटी माझ्यापुढे धरली आणि नेहमीसारखी टक लावून बघत बसली. अगदी नेमकं झालं होतं. "आंबटगोड म्हणजे कसं लागतं, ते मला आता आठवत पण नाय नीट," ती म्हणाली. "तुमचं तोंड बघितलं की थोडं थोडं आठवतंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आलंच.

वहिनीनं ते पाहिलं आणि लगेच बाटलीत आणखी थोडा गूळ टाकला.