खिडकीजवळचं ठेंगणं टेबल

सुतारमामा काही माझे सख्खे मामा नाहीत, पण सख्ख्यांनी ऐकवलं नसेल इतकं त्यांनी मला ऐकवलंय. मी दुकानांची आतली सजावट करते. मी कागदावर रेघा ओढायच्या आणि मामांनी नाक मुरडत त्या लाकडात उतरवायच्या, असं आमचं सहा वर्षं चाललंय.

कॉफीच्या दुकानाचं काम मिळालं तेव्हा मी भलतीच रंगात आले होते. एक अख्खी भिंत जुन्या खिडक्यांच्या चौकटींची, काउंटर मोडीतल्या दारांचा, कॉफीच्या रिकाम्या पोत्यांच्या उशा, आणि कान तुटलेले कप उलटे टांगून त्यांत दिवे. मामांनी चित्र पाहिलं.

"म्हणजे भंगारवाल्याचं दुकान, वर कॉफी फुकट," ते म्हणाले. मग बारा टेबलांवर बोट ठेवलं. "एवढं माझ्यावर सोड."

मी सोडलं, कारण टेबलाच्या उंचीला मामा टेप लावत नसत. घरामागच्या कारखान्यात ते मामींना खुर्चीवर बसवायचे आणि शेजारी मापाची उभी फळी धरायचे. मामी हातातलं काम टाकून कुरकुरत यायच्या, कोपर दुमडून फळीला टेकवायच्या आणि "बास" म्हणायच्या. तिथे मामा पेन्सिलीने रेघ मारायचे. चाळीस वर्षं ती रेघ तीस इंचांवर होती. पहिल्या कामाला मी गुपचूप टेप लावून पाहिला होता, नंतर मलाच लाज वाटायला लागली. मधे मामींची पाठ धरली म्हणून वर्षभर मामांनी काम घेतलं नव्हतं. हे त्यानंतरचं पहिलंच.

दुकान उघडायला चार दिवस असताना टेबलं आली. हातांच्या खुर्च्या तयार आणल्या होत्या. पहिली आत सरकवली तर तिचे हात टेबलाच्या कडेवर आपटले. दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. टेप लावला. साडेअठ्ठावीस, बाराच्या बारा.

"मिस्त्री थकले आता," मालकीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "पुढच्या दुकानाला दुसरं कुणीतरी बघू."

मामांनी ते ऐकलं. खोटं कशाला बोलू, मलाही त्यांचा राग आला होता. ते मात्र चष्मा पुसत राहिले, काच स्वच्छ झाल्यावरही.

"डोळे गेले माझे, पोरी," घरी जाताना ते म्हणाले. "हत्यारं ठेवून द्यायची वेळ आली."

कारखान्यात गेल्यावर त्यांनी आधी ती फळी काढली. चाळीस वर्षांच्या रेघा एकावर एक बसून तिथे जाड काळा पट्टा झाला होता, आणि त्याच्या खाली एकटीच नवी रेघ. मामांनी मामींना हाक मारली. मामी आल्या, बसल्या, कोपर टेकवलं.

"बास."

पेन्सिल नव्या रेघेवरच टेकली. त्यांनी पुन्हा बसवलं, पुन्हा तिथेच. मामांचा हात चुकला नव्हता आणि डोळेही शाबूत होते. मामीच खाली आल्या होत्या.

"अगं बाई!" मामी म्हणाल्या. "म्हणून तो वरचा डबा हाताला लागत नाही होय! मला वाटलं, यांनीच फडताळ वर सरकवलं. महिनाभर भांडतेय मी यांच्याशी."

मी हसले. मामा हसले नाहीत.

"लाकडातली केसाएवढी फट दिसते मला," ते म्हणाले. "आणि ही रोज समोर असून दीड इंच झिजली, ते दिसलं नाही. त्यापेक्षा डोळे गेले असते तर परवडलं असतं."

मामींनी त्यांच्या बाहीवरचा भुसा झटकला. "मग या वयात काय वाढणार होते मी? चला, आधी पोरीची टेबलं बघा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तीन दिवस खपून आम्ही टेबलांच्या पायांना दीड इंचाचे काळ्या लाकडाचे बूट बसवले. मालकीणबाईंना ते इतके आवडले की पुढच्या दुकानातही तसेच हवेत म्हणाल्या, आणि मिस्त्रीही हेच. बूट मात्र अकराच टेबलांना बसले. खिडकीजवळच्या बाराव्याला मामांनी मला हात लावू दिला नाही. त्याच्यासाठी त्यांनी घरून बिनहातांच्या दोन खुर्च्या आणल्या.

दुकान उघडलं त्या सकाळी मामी तिथे येऊन बसल्या. कपांतले दिवे, खिडक्यांची भिंत, सगळं मान वर करून पाहिलं. मग दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली.

"बास," त्या म्हणाल्या.

मामांचा हात सवयीने कानामागच्या पेन्सिलीकडे गेला आणि तसाच खाली आला. ते समोरच्या खुर्चीवर बसले. त्यांना ते टेबल अगदीच ठेंगणं होत होतं, गुडघे खालून अडत होते. मी म्हटलं, "मामा, शेजारच्या उंच टेबलावर बसा ना दोघं."

"नको," मामा म्हणाले. मग जरा वाकून त्यांनीही आपली कोपरं मामींच्या कोपरांसमोर टेकवली.